हबीब मास्तरचं डिमिनिश

माझ्या मुलीच्या लग्नात हबीब मास्तरनं मला फसवलं. आणि फसवलं तेही मीच दिलेल्या सॅक्सोफोनवर. हे आधीच सांगून टाकते, कारण तीर्थपुरीत आता ही गोष्ट ज्याच्या-त्याच्या तोंडी निराळी झाली आहे आणि प्रत्येकाच्या सांगण्यात मास्तर देवमाणूस होतो नि मी कजाग. कजाग मी आहे, त्यावर माझा वाद नाही. पण फसवणूक माझी झाली.

मला फसवणं सोपं नाही. जुन्या कपड्यांवर नवी भांडी देत, डोक्यावर टोपली घेऊन मी तालुक्यातली गावं तुडवली आहेत. साडी घडीतच हातात घेतली तरी ती कुठं विरली आहे ते माझ्या बोटांना कळतं. गिऱ्हाईक बाई ‘थांबा हं’ म्हणून घरात गेली, की ती दार लावायला गेली की आणखी एक साडी आणायला, हे मी तिच्या पावलांवरून ओळखायची. त्या टोपलीचं आज बाजारपेठेत पत्र्याच्या पाटीचं, दोन दारांचं दुकान झालं आहे. भाव करण्यात मला हरवून पायरी उतरलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही. एक हबीब मास्तर सोडून.

मास्तर आमच्या मागच्या गल्लीत राहतो. उंच, वाळका, मेंदीनं लाल केलेले केस, आणि अंगात बारा महिने बँडचा जांभळा कोट. खांद्यावर सोनेरी झालर असलेला. लग्नसराई असो नसो, मास्तर कोथिंबिरीची जुडी आणायलासुद्धा त्या कोटातच निघतो. ‘कोट उतरवला का फुंक उतरते’ असं त्याचं म्हणणं. उन्हाळ्यात घामानं निथळत असतो, पण झालर सरळ.

त्याची माझी ओळख भांड्यावरून झाली. मास्तर दुकानात आला की भांडं हातात घेऊन बघत नाही. कानाजवळ नेतो आणि बोटाच्या पेरानं टण्णकन वाजवतो. पहिल्यांदा आला तेव्हा त्यानं खालच्या फळीपासून वरच्या फळीपर्यंत सगळी भगुणी वाजवली. मग एक पुढं सरकवून म्हणाला, “सुमनबाई, हे भगुणं कोमल धैवत बोलून राह्यलं.”

“मास्तर, डाळ शिजवायची का गाणं?”

“डाळच. पण पळी लागली का आवाज येतो ना. रोज सकाळी उठून कोमल धैवत ऐकला तर माणूस उदास होईल का न्हाई? तुम्हीच सांगा.”

“मंग कोणतं देऊ?”

“गंधारवालं. लहानच द्या. एका माणसाचं.”

गंधारवालं भगुणं निघालं, पण त्याचं झाकण मास्तरच्या मते भगुण्याशी भांडत होतं. शेवटी दुसऱ्याच डब्याचं झाकण, तोंड पुरतं झाकलं जात नसतानाही, तो आनंदानं घेऊन गेला. मागं उभ्या असलेल्या बायकांना वाटलं, वाजवून बघितलं की भांडं पक्कं की कच्चं ते कळतं. तेव्हापासून आमच्या पेठेत जी ती बाई भांडं वाजवूनच घेते. बाजाराच्या दिवशी माझं दुकान देवळासारखं घणघणतं. खरं सांगायचं तर आता मलाही सवय लागली आहे. हात गेला की वाजवतेच.

मास्तरची दुसरी खोड म्हणजे तो काहीही संपवत नाही. चहा प्यायला की शेवटचा घोट कपात ठेवून बोलत बसतो. गोष्ट सांगायला लागला की ती रंगात येते, लोक पुढं सरकतात, आणि हा कोटाची झालर सारखी करत उठतो. “अहो, पुढं काय झालं?” विचारलं की बोट वर करून म्हणतो, “घर नहीं आया अभी.” हे त्याचं पालुपद. भावात घासाघीस चालली असली तरी तेच. मी शेवटचा भाव सांगते, तो डोळे मिटतो, मान हलवतो आणि म्हणतो, “न्हाई बाई. घर नहीं आया.” बायको वारलेली, एकुलती एक मुलगी शबाना हैदराबादेला दिलेली. तिचा फोन आला की आम्हाला दुकानात बसून सगळं ऐकू येतं. तिकडून ती ‘ठेवते अब्बा’ म्हणते, आणि हा नवीन विषय काढतो. बकरीचा, पावसाचा, माझ्या तोंडाळपणाचा. फोन ह्यानं आधी ठेवला असं मी कधी बघितलं नाही.

त्यात त्याच्या आयुष्यात डिमिनिश आलं.

झालं असं की शबानानं त्याला मोठा मोबाइल पाठवला. त्यात मास्तरला अमेरिकेतले जॅझ वाजवणारे काळे उस्ताद सापडले. मास्तर त्याला जाजच म्हणतो. एक म्हातारा उस्ताद डोळे मिटून सॅक्सोफोन वाजवतो आणि मधेमधे थांबून इंग्रजीत समजावतो. मास्तरला इंग्रजी येत नाही. “जबान कळत न्हाई बाई, पण उंगल्या कळतात,” म्हणाला. त्या उंगल्यांवरून त्यानं आपल्या क्लॅरिनेटवर एक सरगम बसवली आणि एके दिवशी भर दुपारी दुकानात येऊन वाजवली. ऐकताना जिन्यावरून उतरता उतरता पायरीच सापडू नये तसं मला झालं.

“काय बिघडलं हो मास्तर?”

“बिघडलं न्हाई. डिमिनिश आहे.”

“म्हणजे काय?”

आता कुणी हे विचारावं ह्याचीच तो वाट बघत असावा. त्यानं माझी सगळ्यात मोठी परात उचलली, पालथी घातली, आणि तिच्या काठाकाठानं बारा वाट्या मांडल्या. घड्याळाच्या आकड्यांसारख्या.

“हे बारा सूर. एका सा पासून वरच्या सा पर्यंत दुनियेत एवढाच माल आहे. हिंदुस्थान असो का अमेरिका. बारावर सा. बराबर?”

“बराबर.”

मग एकच्या, चारच्या, सातच्या आणि दहाच्या जागची वाटी उचलून त्यानं माझ्या मांडीवर ठेवली. परातीवर राहिल्या आठ.

“आता चाला. बारावरून दोनवर. एक वाटी सोडून गेलात, बडा कदम. दोनवरून तीन, लागूनच, छोटा कदम. तीनवरून पाच, बडा. पाचवरून सहा, छोटा. असंच गोल जा. बडा, छोटा, बडा, छोटा. सगळीकडं एकच चाल.”

“मंग आपली सारेगम काय वेगळी असते?”

“आपली रोजची सरगम लंगडते बाई! दोन बडे, एक छोटा, मंग तीन बडे, एक छोटा. लंगडते म्हणून तर कळतं आपण कुठं आलो. इथं मारुती, इथं चावडी, इथं आपलं घर. डिमिनिश लंगडत न्हाई. बघा आता.” त्यानं परातीला पाव फेरी दिली. गंमत अशी की वाट्या सगळ्या सरकल्या आणि चित्र होतं तसंच राहिलं. जिथं रिकामं होतं तिथंच रिकामं. आणखी पाव फेरी, पुन्हा तेच.

“म्हणजे बारावरच्याला सा म्हणा, तीनवरच्याला म्हणा, सहावरच्याला, का नऊवरच्याला. चौघंही सारखेच रुबाबात. कोण घरमालक आन् कोण भाडेकरू, सांगता येत न्हाई. आन् सातवर पंचम बसतो, सा चा सख्खा भाऊ, तो कुठंय?”

“कुठंय?”

“तुमच्या मांडीवर. भाऊच सोबत न्हाई. सा ला घर कोण दाखवणार?”

मी परात स्वतः फिरवून पाहिली. एक घर सरकवली तर चित्र बदललं. दोन घरं सरकवली तर तिसरंच झालं. तीन घरं सरकवली की पुन्हा पहिलं. “हौ,” मास्तर म्हणाला, “असल्या तीनच आहेत. चौथी काढायला जा, पहिलीच निघते.”

माझं डोकं धंद्याचं. म्हटलं, “म्हणजे एक घोटली की ती चार ठिकाणाहून चालते. एकीवर तीन फुकट.”

मास्तर माझ्याकडं बघतच राहिला. “अमेरिकेतल्या उस्तादाला हेच सांगायला अर्धा घंटा लागला!”

“पण ह्याचं करायचं काय?”

“गाणं घराकडं निघालं ना, का दारात पोचायच्या आधी हे घालायचं. ऐकणाऱ्याचा जीव वर. आता हा कुठल्या दारानं आत शिरतो, पत्ता न्हाई. चारी दारं उघडी. फिरवायचं, फिरवायचं, आन् मंग हळूच…” त्यानं क्लॅरिनेट ओठाला लावलं, ती बिनलंगडी चाल अशी काही वर नेली की मी गल्ला धरून बसले, आणि मग एका सुरावर येऊन टेकला. छातीतून ‘हं’ असा आवाज आला तो माझाच होता. “घर,” मास्तर म्हणाला.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. अडचण अशी झाली की मास्तरला घरी येण्यापेक्षा बाहेर भटकण्याचीच गोडी लागली.

आमच्या भागात वाजंत्रीची एक रीत आहे. परण्याच्या वेळी नवरदेव घोडीवर बसून मारुतीच्या देवळाकडून मांडवाकडं येतो. बँड एका जागी उभा राहून गाणं वाजवतो, पोरं नाचतात, घोडी जागेवर ठुमकते. गाणं सा वर येऊन संपलं आणि ढोलावर शेवटची थाप पडली, की सगळी वरात चार पावलं पुढं. पाठवणीलाही तेच. नवरी गाडीत बसते, बँड पाठवणीचं गाणं वाजवतो, आणि शेवटची थाप पडली की ड्रायव्हर गिअर टाकतो. त्याआधी गाडी हलवणं अशुभ. आता मास्तरच्या बँडबरोबर जी घोडी असते, राणी तिचं नाव, ती इतकी वर्षं ह्याच रीतीत मुरलेली. तिला लगामाची गरज नाही. तिला सा लागतो.

शहागडच्या एका लग्नात परण्या हायवे ओलांडत होता. घोडी बरोबर रस्त्याच्या मध्यावर असताना मास्तरला डिमिनिशची लहर आली. गाणं शेवटच्या ओळीवर आलं आणि तिथून तो जो बाहेर निघाला तो परत येईना. बडा कदम, छोटा कदम. ढोलवाला काठी वर धरून थांबलेला. राणी कान टवकारून उभी. नवरदेव टाचा मारतोय, मामा शेपटी पिरगाळतोय, घोडी ढिम्म. दोन्हीकडं ट्रक थांबले. उसाचे, कांद्याचे, सिमेंटचे. ड्रायव्हर खाली उतरले, कुणी आईवरून बोलायला लागले, नवरीचा बाप मांडवात घड्याळ बघतोय. मास्तर डोळे मिटून अमेरिकेत. शेवटी मागच्या एका ट्रकवाल्यानं वैतागून लांब हॉर्न दिला आणि तो हॉर्न नेमका सा निघाला. राणीनं मान झटकली आणि नवरदेवासकट अशी सुटली की सरळ मांडवात, पंगतीच्या पत्रावळींवरून.

“चूक कुणाची?” मी नंतर मास्तरला विचारलं.

“ट्रकवाल्याची,” तो म्हणाला. “त्यानं घाई केली. मी घरच्या वाटेवरच होतो.”

त्यानंतर लोक मास्तरला सुपारी देताना गळ घालू लागले, की मास्तर, ते वाकडं नको. मास्तर हो म्हणायचा आणि तोंड आंबट करून सरळ वाजवायचा. पण त्याला दुसरंच दुःख होतं. डिमिनिशचा खरा डौल सॅक्सोफोनवर, आणि त्याच्याकडं सॅक्सोफोन नव्हता.

सॅक्सोफोन आला तो माझ्याकडं. हसनाबादहून येणारा एक मोडवाला मला जुनं तांबं-पितळ आणून देतो. त्याच्या पोत्यातून एकदा तांबे, समया, फुटक्या घागरी निघाल्या आणि तळाला, पोचे पडलेला, हिरवा झालेला एक सॅक्सोफोन. मोडवाल्याला वाटलं नळाचा काहीतरी प्रकार आहे. मी तो मोडीच्याच भावानं घेतला. दुपारी मास्तर आला, वाजवायला भांडं शोधत असताना त्याची नजर कोपऱ्यात गेली आणि त्यानं दोन्ही हात कोटाला पुसले. आधी पेरानं टण्णकन वाजवून बघितलं, ही सवय कुठं जाणार. मग मांडीवर घेऊन बसला.

“क्या लोगे?” आवाज घोगरा झालेला.

गिऱ्हाइकाचा आवाज घोगरा झाला की भाव आपला. आमच्या वैशालीचं लग्न ठरलं होतं, मुलगा जालन्याचा, बियाण्यांच्या कंपनीत नोकरीला. मी म्हटलं, “पैसे नको. वैशालीच्या लग्नात तुमचा बाजा. परण्यापासून पाठवणीपर्यंत. आन् डिमिनिश न्हाई.”

“बिलकुल?”

“बिलकुल.”

“हळदीला थोडंसं? घरचीच माणसं असतात.”

“न्हाई.”

“पंगत बसल्यावर? जेवतानी कोण ऐकतं?”

“न्हाई.”

“एकच फेरी बाई. बडा, छोटा, बडा, छोटा, आन् लगेच घर.”

“मास्तर, सॅक्सोफोन ठेवा खाली.”

त्यानं ठेवला नाही. दोन बोटं ओठांवर टेकवली आणि म्हणाला, “फुंकेची कसम. तुमच्या लग्नात डिमिनिशचा एक कदम पडणार न्हाई.” वाजवणाऱ्या माणसाला याहून मोठी शपथ नसते. मी सॅक्सोफोन दिला. त्यानं तो महिनाभर चिंचेनं घासला, कुठून कुठून बूच आणि चामडं आणून दुरुस्त केला, आणि मागच्या गल्लीतून संध्याकाळी जो आवाज येऊ लागला त्यानं आमचे मालक, म्हणजे माझा नवरा, जो नळाला पाणी आलं तरी गहिवरतो, तो ओसरीवर बसून डोळे पुसू लागला.

लग्नाच्या दिवशी मास्तरनं शब्द पाळला. परण्याला एकेक गाणं वेळच्या वेळी घरी आलं. राणी शाळेतल्या मुलीसारखी चालली. मास्तरचं तोंड मात्र अळणी डाळ खाणाऱ्यासारखं. मी मनात म्हटलं, सुमन, सौदा जमला.

पंगती उठल्या आणि मी स्वयंपाकाच्या मांडवात गेले. दुकानातली माझी स्वतःची, जाड बुडाची भगुणी आचाऱ्याला दिली होती. मोजून घ्यायला गेले तर सगळ्यात मोठं भगुणं मला वेगळं वाटलं. वाजवलं. आवाज फुटका. माझं भगुणं ठणठणीत बोलतं. म्हणजे ह्यानं आपलं जुनं मला देऊन माझं टेम्पोत टाकलं होतं.

“हे माझं न्हाई.”

“बाई, भगुण्यावर काय नाव लिहिलंय का?”

“नाव न्हाई, आवाज आहे. टेम्पो उघड.”

“सकाळपासून चुलीवर होतं, बसला असंल आवाज.”

“भगुणं काय कीर्तनकार आहे का, आवाज बसायला? उघड टेम्पो!”

तेवढ्यात कुणीतरी मला बोलवायला आलं, की पाव्हणे निघायचं म्हणतात. म्हटलं, आले. पुन्हा कुणी आलं. म्हटलं, आले म्हटलं ना. मग आमचे मालक आले, रुमाल ओला करून. “अगं, पोरगी गाडीत बसून राह्यली.”

“बसू द्या. हा माणूस आपलं भगुणं घेऊन चालला.”

बाहेर पाठवणीचं गाणं सुरू झालेलं मला ऐकू येत होतं. मीच निवडलेलं, साधं, बायकांना हमखास रडवणारं. म्हटलं, शेवटच्या ओळीपर्यंत हा सौदा उरकते. आचाऱ्यानं टेम्पोचं फळकं खाली घेतलं. गाणं शेवटच्या ओळीवर आलं.

आणि आत शिरलंच नाही.

बडा कदम. छोटा कदम. बडा कदम. छोटा कदम.

मला परातीवरच्या वाट्याच दिसल्या. माझ्या मुलीच्या पाठवणीत, माझ्याच सॅक्सोफोनवर! पायाखालची जमीन तापावी तसं झालं. भगुणं, आचारी, टेम्पो सगळं तिथंच सोडलं, हातात झारा होता तो तसाच धरला आणि निघाले. माणसं आपोआप बाजूला झाली. रडणाऱ्या बायका अर्ध्यावर थांबून एकमेकींकडं बघत होत्या, पुढचं रडावं की नाही हे त्यांना कळेना. ढोलवाल्याची काठी वर. गाडीचा ड्रायव्हर गिअरवर हात ठेवून आरशात बघतोय. लिंबाला बांधलेली राणी कान टवकारून. आणि मास्तर, डोळे मिटलेले नव्हते त्याचे. उघडे होते, आणि स्वयंपाकाच्या मांडवाकडंच लागलेले.

मी झारा उगारून “मास्तर!” म्हणणार, इतक्यात गाडीचं दार उघडलं आणि वैशाली खाली उतरली. शालू सावरत, मुंडावळ्या कानामागं सारत. माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

“मिळालं का भगुणं?”

मी म्हटलं, “टेम्पोत आहे.”

“मला वाटलंच.” ती हसली, आणि हसता हसता जी माझ्या गळ्यात पडली ती सोडेना. माझ्या हाताला वरणाचा वास, झाऱ्याचं तेल तिच्या शालूला लागतंय, मी झारा कुठं ठेवावा ते कळेना, शेवटी आमच्या मालकांनी तो घेतला आणि तो धरूनच रडत उभे राहिले. दिवसभरात मी त्या पोरीकडं नीट बघितलंच नव्हतं. हळद उतरल्यावर तिचा चेहरा कसा दिसतो ते मी तेव्हा बघितलं. काय बोललो ते इथं सांगत नाही. मी तिला सासरी भाव कसा करायचा ते सांगितलं, एवढं पुरे.

आणि तेवढा सगळा वेळ मास्तर वाजवत होता. कुठल्याच दारानं आत न जाता, चारी दारांवरून फिरत. गाडी हलली नाही. शेवटी नवऱ्याकडचे मामा ओरडले, “अहो, रात्र करता का इथंच?” वैशाली पुन्हा गाडीत बसली आणि त्यांनीच ड्रायव्हरच्या पाठीवर थाप मारली. ढोलाची थाप पडली नाही. सा आला नाही. गाडी पेठेच्या वळणावर दिसेनाशी झाली, तेव्हा मास्तरनं सॅक्सोफोन ओठावरून काढला आणि झालर सारखी केली.

गावात बोभाटा झाला की सुमनबाईच्या घरच्या पाठवणीत बाजा बिघडला. दुसऱ्या दिवशी मी सॅक्सोफोन परत आणायला मास्तरच्या घरी गेले. रस्त्यानं सगळी भाषणं तयार केली होती. मास्तर कोट घालून चुलीपुढं बसला होता. गंधारवाल्या भगुण्यात एका माणसाची डाळ, वर ते न बसणारं झाकण.

“करार मोडला तुम्ही.”

“मोडला.”

भांडायला आलेल्या माणसाला समोरच्यानं पहिल्या वाक्यालाच कबूल करणं, ही सुद्धा एक फसवणूक आहे. “फुंकेची कसम खाल्ली होती.”

“खाल्ली होती.”

“मंग का?”

“बाई, तुम्हाला बोलवायला माणसावर माणूस पाठवला. मालकांना मीच पाठवलं. तुम्ही येऊन राह्यल्या न्हाई. गाणं सरत आल्तं. सा दिला का थाप पडणार, थाप पडली का गाडी जाणार. मी विचार केला, ह्या बाईला पोरीसाठी बोलवलं तर येत न्हाई. भांडायला बोलवावं. डिमिनिश वाजवलं का तुम्ही झारा घेऊन येणारच, हे मला मालूम होतं.”

मी म्हटलं, “आन् मी आल्यावर तरी संपवायचं. तेव्हा का न्हाई दिला सा?”

मास्तरनं झाकण उचललं, पळी फिरवली. भगुणं गंधार बोललं.

“शबानाच्या रुखसतीला, म्हणजे पाठवणीला, बँड दुसऱ्याचा होता. पोरीच्या लग्नात आपणच कसं वाजवायचं? तिला दिलेलं कपाट टेम्पोत बांधायला दोरी न्हवती. मी दोरी आणायला गेल्तो. मागून बाजा ऐकू येत होता. चांगला बजाया त्यांनी. एकदम सुरात. शेवटची ओळ आली, वेळेवर सा आला, थाप पडली. मी कोपऱ्यावर आलो. हातात दोरी. आन् धूळ.”

“मंग?”

“मंग काय. ईदला येते. फोन करते. खुश आहे.” त्यानं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. “पण ते घर नहीं आया अभी.”

मी सॅक्सोफोन आणला नाही. त्यानं डाळ खा म्हटलं, मी म्हटलं अळणी असणार, आणि बसून खाल्ली. खरंच अळणी होती.

आता हिशोब. करार मोडला तो मोडला, त्यात मी सूट देणार नाही. पाठवणीचं गाणं मला अर्धवट मिळालं आहे आणि अर्धवट माल मी आजवर कुणाकडून घेतलेला नाही. दिवाळीला वैशाली येणार आहे. ती पेठेच्या वळणावर दिसली की मास्तरनं जिथं सोडलं तिथून धरायचं आणि ती उंबरा ओलांडेल तेव्हा सा द्यायचा, असं मी त्याला बजावलं आहे. त्याला ते कबूल आहे. तोवर दर बाजाराच्या दिवशी त्यानं आमच्याकडं जेवायचं, हा दंड. त्यावर मात्र तो घासाघीस करतो.

पण माझा खरा जाब दुसऱ्यालाच आहे. शबानाच्या लग्नात वाजवणारा तो बँड कुठला, हे मास्तर सांगत नाही. “छोडो बाई, त्यानं तर बराबरच वाजवलं,” म्हणतो. बराबर? मांडवात सगळं गाव उभं होतं आणि नवरीचा बाप कुठं आहे हे एकालाही दिसलं नाही? ढोलावर थाप कुणी दिली? ड्रायव्हरला ‘चल’ कोण म्हणालं? जो कुणी असेल त्यानं तीर्थपुरीच्या पेठेत यावं. दुकान सापडायला अवघड नाही, भांड्यांचा आवाज जिथून येतो तेच. माझ्या पायरीवर उभं राहावं आणि मला सांगावं: माणूस दोरी घेऊन धावत येत होता, एवढी कसली घाई होती तुला?